स्टेन्ट टाकलाय, शीर मोकळी आहे, मग परत इको कशाला?

मागच्या अंकात इकोबद्दल, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीबद्दल, लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की शिरेतून बारीक बुडबुडे सोडून हृदयाच्या स्नायूत रक्त पोचतंय का तेही सोनोग्राफीवर बघता येतं, याला कॉन्ट्रास्ट इको म्हणतात. बाकीचा लेख राहिला बाजूला आणि सगळे मेल आले ते या एका ओळीवर. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापत नाही, आणि ज्यांनी रिपोर्टचे फोटो पाठवलेत त्यांनी रागावू नका, फोटो बघून औषध सांगायचं काम मी करत नाही.

प्रश्न : डॉक्टर नमस्कार. मी तासगावकडचा, द्राक्षबाग आहे, वय ५४. दोन महिन्यांपूर्वी अटॅक आला. आधी अ‍ॅसिडिटी समजून पाच-सहा तास घरीच काढले, मग सांगलीला नेलं, अँजिओप्लास्टी करून एलएडी नावाच्या हृदयाच्या पुढच्या शिरेत एक स्टेन्ट टाकला. सीडी बघितली, शीर एकदम मोकळी, रिपोर्टवर टिमी थ्री फ्लो असं लिहिलंय. तरी पंपिंग (दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर जातं ते) ३५ टक्केच आहे आणि जिना चढलं की दम लागतो. आता डॉक्टर म्हणतात कॉन्ट्रास्ट इको करा. शीर मोकळी आहे तर बघायचं काय राहिलंय? घरचे म्हणतात पैसे काढायचे धंदे.

उत्तर : काका, घरच्यांचा संशय दरवेळी चुकीचा असतो असं मी म्हणणार नाही, पण इथे चुकीचा आहे. तुमच्या बागेतलंच उदाहरण घ्या. मोटर चालू आहे, मेन लाइनला प्रेशर आहे, व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय, आणि तरी एका ओळीतली झाडं सुकतायत. तुम्ही काय करता? खाली वाकून ड्रिपर बघता, क्षार बसून चोकअप झालेत का ते. स्टेन्टने व्हॉल्व्ह उघडलाय, सीडीत जी दिसते ती मेन लाइन. टिमी थ्री म्हणजे एवढंच की अँजिओचं औषध त्या मोठ्या शिरेतून नेहमीच्या वेगाने पुढे गेलं. झाडाच्या मुळाशी पाणी देणारे ड्रिपर म्हणजे केशवाहिन्या, त्या इतक्या बारीक की लाल पेशीसुद्धा त्यातून एकामागे एक, अंग चोरून जाते, आणि हृदयाच्या स्नायूतलं जवळजवळ ९० टक्के रक्त त्यांच्यातच असतं. अँजिओला त्यातलं काहीच दिसत नाही. अर्ध्या मिलीमीटरच्या खालचं अँजिओत बघायला जाऊच नका.

शीर बराच वेळ बंद राहिली की या केशवाहिन्यांच्या आतलं अस्तर सुजतं, पांढऱ्या पेशी अडकतात, गुठळीचा चुरा पुढे जाऊन बसतो, बाहेरून सुजलेला स्नायू त्यांना दाबतो, मग वरची शीर उघडली तरी खाली रक्त जात नाही. याला नो-रिफ्लो म्हणतात. १९७४ साली क्लोनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर हे दाखवलं होतं, शीर ४० मिनिटं बांधून सोडली तर रक्त परत सगळीकडे गेलं, ९० मिनिटं बांधली तर आतल्या थराचा बराच भाग कोरडाच राहिला. आणि माणसात हे नीट दिसलं ते याच बुडबुड्यांमुळे, १९९२ मध्ये जपानच्या हिरोशी इतो यांच्या गटाने अटॅकनंतर शीर उघडल्यावर लगेच बुडबुडे सोडून बघितलं तर जवळजवळ चौघांत एकाचा स्नायू कोरडा होता, अँजिओ मात्र छान. त्या लोकांचं पंपिंग पुढेही सुधारलं नाही. तुमचे ते पाच-सहा तास मला म्हणूनच खटकतायत, आता बोलून उपयोग नाही हे कळतंय तरी लिहितोय, कारण हे वाचणाऱ्यांत उद्या कुणीतरी अ‍ॅसिडिटी समजून बसणार आहे.

आता टेस्टमध्ये होतं काय ते सांगतो. हाताच्या शिरेत इंट्राकॅथ, म्हणजे बारीक नळी, लावतात, त्यातून औषध सलाइनबरोबर हळूहळू जातं. त्या औषधात बुडबुडे असतात, दोन-तीन मायक्रॉनचे, म्हणजे लाल पेशीच्या निम्मेसुद्धा नाहीत, त्यामुळे लाल पेशी जाते तिथे हेही जातात आणि केशवाहिनीच्या बाहेर मात्र पडत नाहीत. तुम्ही डाव्या कुशीवर, छातीवर जेल आणि प्रोब, नेहमीचा इको असतो तसंच. स्क्रीनवर आधी उजवा कप्पा पांढरा होतो, मग फुप्फुसातून फिरून काही ठोक्यांनी डावा कप्पा दुधासारखा भरतो, आणि त्यानंतर भिंत, म्हणजे स्नायू, हळूहळू राखाडी व्हायला लागते. हा राखाडी रंग म्हणजे स्नायूत पोचलेलं रक्त.

नुसता रंग बघून भागत नाही, वेग पण बघायचा असतो. विहिरीला पाणी किती आहे हे बघायला आपण काय करतो? मोटर लावून विहीर उपसून काढतो आणि काठावर बसून बघतो, झरे किती वेळात किती भरतात. इथे पण तेच. मशीनवरचं फ्लॅशचं बटण दाबलं की जोराच्या अल्ट्रासाउंडचे दोन-चार झटके जातात, त्या पट्ट्यातले बुडबुडे सगळे फुटतात, भिंत एकदम काळी. मग मशीन परत हलक्या आवाजावर, जेणेकरून नवे येणारे बुडबुडे फुटणार नाहीत, आणि आम्ही मोजत बसतो. एक ठोका, दोन, तीन, चार. चांगल्या स्नायूत आराम करताना साधारण पाच सेकंदांत भिंत परत भरते. याचं कारण साधं आहे, केशवाहिनीत रक्ताचा वेग सेकंदाला जेमतेम एक मिलीमीटर आणि अल्ट्रासाउंडच्या पट्ट्याची जाडी पाचेक मिलीमीटर. शेवटी किती भरलं आणि किती वेगाने भरलं, या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे स्नायूतला रक्तप्रवाह, हे गणित १९९८ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात केविन वेई आणि संजीव कौल यांनी मांडलं. विहीर मोजणाऱ्या माणसाला ते दोन मिनिटांत कळेल.

तुमच्या बाबतीत तीन गोष्टी कळतील. एक, हृदयाच्या टोकाकडचा जो भाग हलत नाही तो मेलाय का नुसता गारठलाय. राखाडी रंग नीट भरला तर स्नायू जिवंत आहे, औषधांनी वेळ घेऊन उठू शकतो. दहा ठोके झाले तरी काळाच राहिला तर तिथे बहुतेक मेलेल्या स्नायूचा व्रण आहे. दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते, टोकाशी रक्ताची गुठळी धरलीय का. साध्या इकोत ती धुरकट भागात लपते, कॉन्ट्रास्टमध्ये पांढऱ्या दुधात काळा खडा पडल्यासारखी दिसते, आणि ती असेल तर रक्त पातळ करायच्या गोळ्या बदलतात. तिसरं म्हणजे पंपिंगचा आकडा. ३५ हा आकडा सीमेवरचा आहे, अँजिओप्लास्टीनंतर तीन महिने नीट औषधं घेऊनही पंपिंग ३५ किंवा त्याखाली राहिलं तर छातीत शॉक देणारं मशीन बसवायचं का हा विषय निघतो, तेव्हा ते अंदाजपंचे ३५ आहे का खरंच ३५ हे कळलेलं बरं. ड्रिपरला तुम्ही अ‍ॅसिड सोडता, हृदयाला तसं काही सोडता येत नाही, म्हणून आधीच सांगतो, ही टेस्ट म्हणजे इलाज नाही.

प्रश्न : शिरेत हवा गेली की माणूस मरतो असं लहानपणापासून ऐकलंय, आणि तुम्ही बुडबुडे सोडायला सांगता? (अकोला)

उत्तर : सिनेमात रिकामी सिरिंज टोचून खून करतात ते डोक्यात बसलंय सगळ्यांच्या. प्रमाण बघा. सोनोव्ह्यू नावाचं जे औषध आहे त्याच्या एका मिलीत ८ मायक्रोलिटर वायू असतो, इकोला एका वेळी २ मिली देतात, म्हणजे १६ मायक्रोलिटर. पाण्याचा एक थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा, म्हणजे अख्ख्या डोसमधला वायू एका थेंबाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. आणि ही साधी हवा नाहीच, सल्फर हेक्झाफ्लोराइड आहे, रक्तात सहज विरघळत नाही म्हणून बुडबुडा काही मिनिटं टिकतो, वरून चरबीच्या रेणूंचं पातळ कवच. काम झालं की वायू श्वासातून बाहेर, पंधरा मिनिटांत जवळजवळ सगळा.

गंमत म्हणजे हे सगळं सापडलं ते अपघाताने. १९६८ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरला ग्रॅमियाक आणि प्रवीण शहा हे दोघं महाधमनीचा इको बघत होते, त्याच वेळी दुसऱ्या कारणासाठी हिरव्या रंगाचं इंजेक्शन दिलं गेलं आणि स्क्रीनवर ढग उठला. बुडबुडे होते ते. पण ते मोठे आणि तकलादू. आजही सलाइन दोन सिरिंजमध्ये घुसळून बबल स्टडी करतात, तो वेगळा प्रकार, ते बुडबुडे फुप्फुसातच अडकतात, डाव्या बाजूला आलेच तर हृदयात भोक किंवा फुप्फुसात आडवाट आहे असं समजायचं. तो रिपोर्ट आणि हा रिपोर्ट एक समजू नका, दोन जणांनी मला तसा पाठवलाय.

प्रश्न : आईचं क्रिएटिनिन २.१ आहे. किडनीच्या डॉक्टरांनी बजावलंय की कॉन्ट्रास्ट द्यायचा नाही. आता हार्टचे डॉक्टर कॉन्ट्रास्ट इको म्हणतायत. दोघांचं आपसात बोलणं नाही आणि मधल्या मधे आमचं डोकं फिरलंय. (नाशिक)

उत्तर : ताई, हा घोळ शब्दाचा आहे. सीटी आणि अँजिओचा कॉन्ट्रास्ट म्हणजे आयोडीन, तो किडनीतून बाहेर पडतो. एमआरआयचा म्हणजे गॅडोलिनियम, किडनी फार खराब असली तर तिथेही विचार करावा लागतो. इकोच्या कॉन्ट्रास्टमध्ये यातलं काहीच नाही, वायू फुप्फुसातून जातो, कवच शरीर पचवतं, किडनीवर बोजा नाही. रेडिएशनही नाही. खरं तर किडनीच्या पेशंटला ही टेस्ट जास्तच सोयीची. तरी किडनीच्या डॉक्टरांना फोन करून "इकोचा कॉन्ट्रास्ट, आयोडीन नाही" एवढं वाक्य सांगा, ते लगेच हो म्हणतील.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो, बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. इथे इकोच्या आधी फॉर्ममध्ये पीईजीची अ‍ॅलर्जी आहे का विचारलं, ते काय ते बाबांना माहीतच नाही. नेटवर बघितलं तर या औषधांवर बॉक्स वॉर्निंग आहे. शिवाय कुठेतरी वाचलं की स्नायूचा रक्तपुरवठा बघायला याला परवानगीच नाही. मग करतात कसं?

उत्तर : तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण वाचून जेवढी भीती वाटते तेवढं नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये काही पेशंट औषध दिल्यानंतर थोड्या वेळात दगावले म्हणून एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, चौकटीतला इशारा टाकला, त्यात इतक्या अटी होत्या की अतिदक्षता विभागातल्या ज्या पेशंटना या टेस्टची सगळ्यात गरज त्यांनाच ती बंद झाली. मे २००८ मध्ये अटी सैल केल्या, कारण ते पेशंट मुळातच अतिशय आजारी होते आणि नंतरच्या मोठ्या पाहण्यांत औषधामुळे मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. गंभीर रिअ‍ॅक्शन साधारण दहा हजारांत एकाला. ती येते तेव्हा बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात येते, म्हणून इंजेक्शन आणि माणसं तयार ठेवूनच टेस्ट करतात. काहींची कंबर थोडा वेळ दुखते, घाबरू नका, पण सांगा.

पीईजी म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल. बद्धकोष्ठाच्या काही पावडरींमध्ये आणि कोलोनोस्कोपीच्या आधी पोट साफ करायला जे पाजतात त्यात असतं. बाबांनी तसलं काही घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या होत्या का, एवढं आठवून सांगायला लावा. २०२१ पासून डेफिनिटी आणि ल्युमासन या दोन बुडबुड्यांच्या औषधांच्या माहितीपत्रकात पीईजीचा हा इशारा आहे. ल्युमासन म्हणजे आपलं सोनोव्ह्यूच, अमेरिकेतलं नाव. ऑप्टिसन नावाच्या तिसऱ्यात कवच माणसाच्या रक्तातल्या अल्ब्युमिनचं, ज्यांना धर्मामुळे रक्तातलं काही चालत नाही त्यांनी आधी विचारावं.

परवानगीचं असं आहे की अमेरिकेत ही औषधं डावा कप्पा स्पष्ट दिसावा म्हणून मंजूर आहेत, कप्प्याचे लागून असलेले दोन किंवा जास्त भाग नीट दिसत नसले की कॉन्ट्रास्ट वापरा असं तिथल्या इको सोसायटीचं म्हणणं आहे. स्नायूचा रक्तपुरवठा त्याच बुडबुड्यांनी दिसतो, पण तो वापर लेबलवर नाही. लेबलबाहेरचा वापर म्हणजे बेकायदा नव्हे, डॉक्टर आपल्या जबाबदारीवर करतात. मला विचाराल तर इतकी वर्षं होऊन ही मंजुरी नाही हे दुर्दैव आहे, आणि काही अंशी आमच्याच लोकांचा दोष, कारण हे वाचायला शिकावं लागतं आणि दोन जण वाचतात तेव्हा दोघांचं एकमत होतंच असं नाही.

प्रश्न : वय ४९, बाई आहे म्हणून मेनोपॉजचं आहे, टेन्शनचं आहे असं तीन डॉक्टरांनी सांगितलं. चढ चढताना छाती आवळते. टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढतात तो ईसीजी) पॉझिटिव्ह, अँजिओ नॉर्मल. (म्हापसा)

उत्तर : मला तुमचं पत्र वाचून राग आला, तुमच्यावर नाही. अँजिओ नॉर्मल म्हणजे मोठ्या शिरा नॉर्मल. वरच्या काकांना जे ड्रिपरचं सांगितलं ते तुम्हालाही लागू, फक्त तुमचे ड्रिपर बंद नाहीत, गरज लागते तेव्हा उघडत नाहीत. निरोगी हृदय आरामात एका ग्रॅम स्नायूला मिनिटाला एक मिलीच्या आसपास रक्त देतं आणि जोर पडला की तीन-चार पट वाढवतं, दुपटीलाही पोचलं नाही तर बारीक रक्तवाहिन्यांचा आजार समजायचा. आरामातला इको तुमच्यात काही दाखवणार नाही, स्ट्रेस द्यायला हवा, म्हणजे औषधाने किंवा व्यायामाने हृदयावर जोर टाकायला हवा. स्ट्रेस देऊन फ्लॅश मारला की चांगली भिंत दोन सेकंदांत भरते, तुमच्यासारख्यांत ती रेंगाळते, आणि कधीकधी आतल्या कडेला काळी रेघ दिसत राहते. भिंतीची हालचाल तोवर नॉर्मल असू शकते, कारण आधी रक्त कमी पडतं, मग हालचाल मंदावते, मग ईसीजी बदलतो आणि दुखणं सगळ्यात शेवटी.

तरी खरं सांगतो, आकडे काढायला पेट स्कॅन जास्त भरवशाचा आणि कॅथ लॅबमध्ये वायर टाकूनही मोजता येतं, कॉन्ट्रास्ट इको जिथे रोज करतात तिथेच करून घ्या. फोन करून विचारा की महिन्याला किती करता, उत्तर द्यायला अडखळले तर दुसरीकडे जा. आणि टेस्ट मिळाली नाही तरी तुमचं दुखणं खोटं ठरत नाही, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि अँजायनाच्या (हृदयाला रक्त कमी पडून छाती दुखते त्याच्या) गोळ्या यावर डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : सर मी लातूरला इको टेक्निशियन. आमच्याकडे नवीन मशीन आलंय, कॉन्ट्रास्टचा प्रीसेट आहे. पहिल्याच पेशंटला खालचा अर्धा हार्ट काळा दिसला. इन्फार्क्ट (रक्त न मिळून मेलेला स्नायू) समजून रिपोर्ट जाणार होता.

उत्तर : बरं झालं थांबलात. माझीही पहिली केस अशीच गेली होती, औषध जरा जास्तच ढकललं, टोकाशी बुडबुड्यांचं दाट पांढरं झाकण झालं आणि त्याच्या सावलीत खालचं सगळं गडप, मी ठासून सांगत होतो की बाजूच्या भिंतीत रक्त नाही, सीनियर मागे उभे होते, म्हणाले दोन मिनिटं गप्प बस. दोन मिनिटांनी बुडबुडे विरळ झाले आणि तीच भिंत मस्त भरलेली. तेव्हापासून काळं दिसलं की आधी थांबतो. सगळं औषध एका दमात, म्हणजे बोलस, मारू नका, सावकाश इन्फ्युजन चालू ठेवा. मेकॅनिकल इंडेक्स, म्हणजे अल्ट्रासाउंडच्या जोराचा आकडा, ०.२ च्या खाली, फोकस मायट्रल व्हॉल्व्हच्या (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या) पातळीला. उलटी चूक पण होते, इंडेक्स जास्त राहिला तर टोकाशी बुडबुडे फुटत राहतात, कप्प्यातच भोवरा दिसतो, आणि वाटतं टोकाला रक्त नाही. बाजूची आणि पुढची भिंत बुंध्याशी फसवते, फासळी आणि फुप्फुस मधे येतं, तिथे प्रोब सरकवून, श्वास धरायला लावून परत बघा. खरा दोष शिरेच्या हद्दीत बसतो आणि दुसऱ्या कोनातूनही तिथेच राहतो. बाटली हलवल्यावर थोडा वेळ पडून राहिली तर बुडबुडे वर तरंगतात, सिरिंज भरायच्या आधी परत हलवा, ही गोष्ट साधी आहे पण बरेच जण विसरतात.

प्रश्न : स्ट्रेसवाल्या टेस्टच्या दिवशी चहा चालेल का? (बऱ्याच जणांचा)

उत्तर : अ‍ॅडेनोसिन किंवा डायपायरिडॅमॉलने स्ट्रेस देणार असतील तर आदल्या दिवसापासून चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद, डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं त्या पण. कॅफिन नेमकं त्या औषधाचं काम अडवतं आणि टेस्ट खोटी नॉर्मल येते. डोब्युटामिन असेल तर चहापेक्षा बीटा ब्लॉकरची (ठोके कमी करणारी) गोळी घ्यायची का नाही हे विचारा, ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. कुठल्या औषधाने करणार हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारून घ्या. आणि टेस्ट संपली की इंट्राकॅथ काढायच्या आधी अर्धा तास तिथेच बसवतील, तेव्हा बरोबर आलेल्या माणसाला थर्मास घेऊन यायला सांगा.